चौदा दिवस आणि शंभर दाणे

साथ आली की माणूस घरात बसतो, पण हंगाम कोणासाठी थांबत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा खेड्यापाड्यांनी हे चांगलेच अनुभवले. पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्या मंडळींना जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाहीतर शेतातल्या वस्तीवर चौदा दिवस वेगळे राहावे लागले. ज्याच्या घरी रुग्ण सापडला, त्याचे सारे घरच दाराच्या आत. आठवडी बाजार बंद, एसटी बंद. दिवस चैत्र-वैशाखाचे, खरीप तोंडावर आलेला.

त्या दिवसांचे काय झाले? पुष्कळ ठिकाणी पत्ते पिसले गेले, मोबाइल चाळले गेले आणि ‘कधी सुटतो एकदाचे’ म्हणून दिवस मोजले गेले. याचा सगळा दोष लोकांच्या माथी मारणे बरोबर नाही. काय करू नये याची यादी त्यांना मिळाली होती. काय करता येईल, हे फार थोड्यांनी सांगितले.

पुढे जून-जुलैत काय घडले ते शेतकरी बंधू विसरलेले नाहीत. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यात हजारो तक्रारी झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. निकृष्ट बियाणे विकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण तक्रार झाली, पंचनामा झाला, तरी गेलेली वाफ परत येत नाही. दुबार पेरणीचा खर्च शेवटी बळीराजाच्याच डोक्यावर बसतो.

यातला काही धोका घरबसल्या टाळता येतो. त्याला लागतात शंभर दाणे, एक गोणपाट आणि आठवडाभराचा वेळ. पोत्याच्या वरचे, मधले, तळाचे असे बियाणे एकत्र करून त्यातले शंभर दाणे न निवडता घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवावे. म्हणजे साठ उगवले तर पस्तीस किलो. साठाच्याही खाली गेले, तर ते बियाणे पेरूच नये. विकतच्या पिशवीचीही अशीच परीक्षा घ्यावी. कृषी खाते हे दरवर्षी सांगते. आपल्यालाच सवड होत नाही. विलगीकरणात तर सवडच सवड असते.

दुसरे काम कागदाचे. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी सातबारावर त्यांचेच नाव, अशी घरे प्रत्येक गावात सापडतात. कर्ज, पीकविमा, अनुदान सगळे तिथेच अडते. एरवी एक भाऊ मुंबईत, दुसरा सुरतेला. टाळेबंदीत ते सारे एकाच गावात होते. मृत्यूचा दाखला शोधणे, वारसांची नावे एका कागदावर आणणे, बांधावरचा वाद बसून मिटवणे, हे अशाच दिवसांत जमते. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीत ऑनलाइन करता येतो. तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, अशा वेळी फोनवरून दोन शब्द समजावून सांगितले तरी कितीतरी घरांचे काम मार्गी लागेल.

काम मिळाले की माणूस कसा रमतो, हे राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातील पलसाना गावाने दाखवले. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या शाळेत ठेवलेल्या मजुरांनी रंग मागून घेतला आणि मजुरी न घेता शाळा रंगवून काढली. सरपंचांनी सामान पुरवले. एवढ्यावर शाळेचे रूप पालटले.

अर्थात आजाऱ्याला विश्रांतीच हवी, त्याला कामाला जुंपू नये. आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला ‘वेळेचा सदुपयोग करा’ म्हणणे ही थट्टा आहे. त्याच्या घरी आधी धान्य पोचले पाहिजे, मग सल्ला.

करोनाची टाळेबंदी सरली तरी विलगीकरणाचा प्रसंग कायमचा गेला असे कोणी समजू नये. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा जनावरे वेगळी बांधावी लागली आणि गुरांचे बाजार बंद झाले. तेव्हा ग्रामपंचायतींना आमची सूचना एवढीच: येत्या ग्रामसभेत एक पानाची यादी करून ठेवा. घरी बसावे लागले तर धान्य कोण पोचवणार, बियाण्याची चाचणी कोण शिकवणार, वारस नोंदीचे कागद कोण पाहणार, शाळेच्या दुरुस्तीचे सामान कुठून येणार, प्रत्येकापुढे नाव लिहा. तहान लागल्यावर विहीर खणायला बसलो, तर चौदा दिवस तेव्हाही असेच जातील.