यकृत बाटलीचा पासपोर्ट पाहत नाही

बिअर देशी चांगली की परदेशी, हा रशियातल्या बिअरप्रेमींचा जुना वाद. आयात केलेली बाटली महाग, म्हणून ती शुद्ध आणि शरीराला कमी बाधणारी, असा अनेकांचा समज असतो. चवीपुरता हा वाद ठीक आहे; आरोग्याच्या दृष्टीने तो निरर्थक आहे.

लेबलवर पाहायचे ते देशाचे नाव नव्हे, तर अल्कोहोलचे प्रमाण. चेक प्रजासत्ताकातील 'पिल्सनर उर्केल'मध्ये ते ४.४ टक्के असते, रशियाच्या 'बाल्टिका ३'मध्ये ४.८. फरक किरकोळच. पण त्याच कंपनीच्या 'बाल्टिका ९'मध्ये ते ८ टक्के आहे. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम अल्कोहोल, १०० मिलिलिटर व्होडकाइतके! याला सौम्य पेय कसे म्हणायचे?

रशियाचा कायदा मात्र २०११ पर्यंत बिअरला खाद्यपदार्थांतच मोजत होता. तो बदलला आणि २०१३ पासून टपऱ्यांवरची बिअरविक्री बंद झाली. करवाढ, विक्रीच्या वेळांवर बंधने, जाहिरातबंदी असे इतर उपायही होतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २००३ ते २०१६ या काळात तेथील दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटले. हा फरक देशी-परदेशीच्या निवडीने नव्हे, धोरणाने पडला.

'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य महाराष्ट्रातही सर्रास ऐकू येते. ते म्हणणाऱ्याने आधी बाटलीवरचा टक्का वाचावा. यकृत तेवढाच वाचते.