‘मी काढते ना तुमचे!’

फेब्रुवारी लागला की कॉलेजांच्या आसपास एक दृश्य हमखास दिसतं. आईची पैठणी नाहीतर मावशीची कांजीवरम नेसलेल्या मुली, कुणाचा तरी ब्लेझर मागून आणलेले मुलगे आणि त्यांच्यापुढे कधी गुडघ्यावर तर कधी कठड्यावर चढलेला एक कॅमेरावाला. शेवटच्या वर्षाचं आउटडोअर शूट! पुण्यात हनुमान टेकडी, मुंबईत मरीन ड्राइव्ह, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात फुटाळा. गावं बदलतात, पोझ त्याच राहतात.

घरचे म्हणतात, ‘परीक्षा तोंडावर आलीये आणि यांना फोटो सुचतायत.’ त्यांना म्हणू द्या. शूट जरूर करा. तीन वर्षं ज्या पायऱ्यांवर बसून वडापाव खाल्ला, तिथे आपण होतो याची एक बरी खूण जवळ असावी, यात थिल्लर काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. त्या फोटोंत कोण नसतं, ते बघा.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, किंवा एक जणी. सगळे उभे राहिले की ती पटकन पुढे येते, फोन हातात घेते आणि म्हणते, ‘तुम्ही उभे राहा रे, मी काढते ना तुमचे!’ सगळ्यांना वाटतं, किती हेल्पफुल आहे! तीन वर्षांचे अल्बम उघडून पाहा, ती जेमतेम दोन-चार फोटोंत सापडेल. त्यातही कुणाच्या तरी खांद्यामागे. कारण विचारलंत तर उत्तर ठरलेलं : ‘अगं, माझे फोटो चांगलेच येत नाहीत.’ ती मुलगी किंवा तो मुलगा तुम्ही असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. तुम्ही नसाल, तर जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

‘फोटो चांगले येत नाहीत’ याची दोन कारणं तर अगदी साधी आहेत. पहिलं कारण आरसा. तुम्ही स्वतःला रोज पाहता ते आरशात, म्हणजे उलटं. डावीकडचा भांग आरशात डावीकडेच दिसतो, फोटोत मात्र उजवीकडे जातो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे फोटोतलं आपलंच तोंड आपल्याला किंचित परकं वाटतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं होतं. विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोची सरळ आणि उलटी प्रत दाखवली, तेव्हा त्यांचा कल आरशातल्यासारख्या उलट्या प्रतीकडे होता. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळ प्रत जास्त आवडली. म्हणजे तुम्हाला जो फोटो ‘कसातरीच’ वाटतो, तो तुमच्या मैत्रिणीला छान वाटतो तेव्हा ती तुमची समजूत काढत नसते. तिला रोज दिसणारा चेहरा तोच आहे.

दुसरं कारण अंतर. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यावर सगळ्यात पुढे असतं ते नाक. २०१८ मध्ये ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात याचं गणित प्रसिद्ध झालं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक साधारण ३० टक्के रुंद दिसतं. आता सांगा, दोष नाकाचा की हाताच्या लांबीचा?

तिसरं कारण मात्र इतकं साधं नाही. ते आपल्या घरात आहे. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,’ या वाक्यातला तो ‘पण’ अनेकींनी लहानपणापासून ऐकलेला असतो. ‘जाड्या, तू मागे उभा राहा, नाहीतर आम्ही दिसणार नाही’ हा विनोद अनेकांनी हसून झेललेला असतो. त्यात यंत्राचीही साथ मिळाली. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळा रंग जुळवायला जे नमुना-कार्ड वापरायच्या, त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा चेहरा असायचा. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे त्यावर आले ते १९९०च्या दशकात. आज फिल्म गेली, तरी ब्यूटी मोड आहेच. न विचारता गाल गुळगुळीत करतो, रंग दोन छटा उजळतो. आणि मग तो उजळलेला चेहरा खरा आणि आपला खोटा वाटायला लागतो.

आता जरा घरातली जुनी पेटी उघडा. आईचा किंवा आजीचा, एकटीचा, नीट नटूनथटून काढलेला फोटो सापडला, तर तो कशासाठी काढला होता ते विचारा. बऱ्याच घरांत उत्तर येईल : स्थळांना पाठवायला. स्टुडिओतला रंगीत पडदा, काठपदराची साडी, ‘मान थोडी तिकडे’ म्हणणारा फोटोग्राफर. तो फोटो कुणीतरी अनोळखी माणसं हातात घेऊन पसंत-नापसंत करणार होती. आणि मुलांचे एकटे फोटो? पासपोर्ट साइज. शाळेचा दाखला, हॉलतिकीट, नोकरीचा अर्ज. कॅमेऱ्यासमोर बसायचं ते कुणीतरी तपासण्यासाठी, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की लेन्स दिसली की खांदे आपोआप ताठ होतात.

शेवटच्या वर्षाच्या शूटमध्ये पास-नापास करणारं कुणी नसतं. स्थळ नाही, साहेब नाही, परीक्षक नाही. म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. आणि म्हणूनच लाइक मोजत बसून आपणच त्याची नवी परीक्षा करून टाकतो, त्याचं वाईट वाटतं.

अमेरिकेत ‘सीनियर पोर्ट्रेट’ म्हणून प्रथा आहे. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, सतरा-अठराव्या वर्षी, इयरबुकसाठी प्रत्येकाचा फोटो निघतो. पूर्वी तो बहुतेक स्टुडिओत निघायचा, आता अनेक जण तो बाहेर काढून घेतात. शेतात, समुद्रकिनारी, शाळेच्या मैदानावर. कुणी गिटार घेऊन येतं, कुणी संघाची जर्सी घालून, कुणी कुत्र्याला घेऊन. तिथेही खर्चाचा आणि दिखाव्याचा बाजार आहेच, तो उचलायची गरज नाही. उचलायच्या दोन गोष्टी : फोटो प्रत्येकाचा निघतो आणि माणूस आपलं काहीतरी सोबत आणतो. आपल्याकडे सोबत येतो तो दुसऱ्याच्या रीलमधला पोझ. पाठमोरं चालायचं, मग वळून हसायचं. तीस मुलींचे तीस फोटो, चेहरा झाकला तर कुणाचा कोणता ते सांगता येणार नाही. तुम्ही ढोलपथकात असाल तर ढोल आणा. लायब्ररीत पडीक असाल तर लायब्ररीच्या दारात उभे राहा. रोज एसटीने येत असाल तर स्टँडवर काढा की एक फोटो! हातात आपली वस्तू असली की ‘हातांचं काय करायचं’ हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्नही सुटतो.

आणि कॉन्फिडन्स? ‘आधी कॉन्फिडन्स येऊ दे, मग फोटो काढीन’ असं म्हणत थांबलात, तर कॉलेज संपेल. पोहायला शिकतो तसंच आहे हे, पाण्यात उतरल्यावरच जमतं. पहिले दहा-पंधरा मिनिटांचे फोटो वाया जाणार हे धरूनच चला. एका जागी पुतळ्यासारखं उभं राहू नका. चाला, बोला, पायरीवर बसा. कॅमेरा अशा माणसाच्या हातात द्या, ज्याच्यासमोर तुम्हाला हसताना तोंडावर हात ठेवावासा वाटत नाही. त्याला सहा-सात फूट लांब उभं करा आणि फोनवर थोडा झूम घ्यायला सांगा. भर दुपारचं ऊन टाळा, डोळ्यांखाली काळी सावली पडते. या दिवसांत पुण्या-मुंबईत सूर्य साधारण साडेसहा-पावणेसातला मावळतो. त्याआधीचा तासभर उजेड मऊ असतो. तो जमला नाही तर झाडाची किंवा इमारतीची दाट सावली चालेल. प्रत्येक क्लिकनंतर ‘बघू बघू’ करत धावू नका. आणि ब्यूटी मोड बंद. पैसे देऊन फोटोग्राफर आणला असेल, तर आधीच स्पष्ट सांगा : ‘दादा, रंग उजळायचा नाही.’

आता ज्यांचे फोटो छान येतात त्यांच्याशी दोन शब्द. शूटची काँट्री ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात कमी पॉकेटमनीवाल्याला परवडेल इतकीच ठरवा. ‘मला वेळ नाही रे’ असं कुणी म्हणालं, तर त्यामागे पैशांची अडचण असू शकते. एका बऱ्या फोनवर आणि संध्याकाळच्या उजेडात उत्तम फोटो निघतात. दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी विचारा. तिला आवडला नसेल तर ‘मस्त तर आहे’ म्हणून वाद घालू नका, काढून टाका. आणि जाडेपणावरून, रंगावरून, दातांवरून होणारा तो एक विनोद यावेळी गिळून टाका. तुम्ही दोन मिनिटांत विसराल, ती पुढची पाच वर्षं ग्रुप फोटोच्या वेळी फोन धरून उभी राहील.

कुणी म्हणेल, फोटोला एवढं काय डोक्यावर घ्यायचं? एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण उद्या हीच मुलं मुलाखतीला बसणार आहेत, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू करणार आहेत, कुठेतरी उभं राहून आपलं काम चार लोकांना समजावून सांगणार आहेत. तिथे ‘मी काढते ना तुमचे’ म्हणून बाजूला होता येत नाही. आपल्याकडे कुणी पाहतंय, हे सहन करायची सवय टेकडीवर, मित्रांसमोर, हसतखिदळत लागली तर वाईट काय?

तेव्हा या आठवड्यात शूट ठरलं असेल तर एक करा. नेहमी फोटो काढणारीच्या हातातून फोन घ्या आणि तिला मध्ये उभं करा. ती नाही म्हणेल, ओढणी सारखी करत बसेल, ‘एकच हं’ म्हणेल. तुम्ही वीस काढा.