‘किती दिवस?’ एवढेच विचारू नका

एएलएस या आजाराचे निदान झाले की पेशंटचा मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारतो, “साहेब, किती दिवस?” पुष्कळदा उत्तर मिळते, “दोन-तीन वर्षे. यावर उपाय नाही.” मग घरात ठरते की पेशंटला काही कळू द्यायचे नाही. माझ्या मते ते उत्तर अपुरे आहे आणि घरातला निर्णय चुकीचा आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदू व मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या या आजारात हळूहळू मरतात. कुणाच्या हातातून कप निसटतो, कुणाचा पाय अडखळतो, कुणाची जीभ जड होते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात आणि बहुतेक मृत्यू त्यामुळेच होतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. काहींच्या वागण्यात व विचारशक्तीत फरक पडतो, पण अनेकांची समज शेवटपर्यंत शाबूत राहते.

आता आकड्याविषयी. पहिल्या लक्षणापासून साधारण २ ते ४ वर्षे, हा आकडा खोटा नाही. पण तो मधला आकडा आहे. निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात. दहांतील सुमारे एक जण १० वर्षांपुढे जातो. अमेरिकेचा बेसबॉलपटू लू गेरिग निदानानंतर दोनच वर्षांत, १९४१ साली गेला. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये दोन वर्षांची मुदत सांगितली होती. ते २०१८ मध्ये, ७६व्या वर्षी वारले. हॉकिंग हा अपवाद, त्यावर आशेचे इमले बांधू नयेत. तरुणपणी आणि हातापायांपासून सुरू झालेला आजार बहुधा सावकाश जातो. उतारवय, जीभ-घशापासून सुरुवात आणि भराभर घटणारे वजन ही वेगाची लक्षणे होत.

‘उपाय नाही’ हेही अर्धसत्य आहे. आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. १९९५ पासून वापरात असलेले रिलुझोल आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवते, असे चाचण्यांत दिसले. परंतु २००६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे घसा-जिभेचे स्नायू फार दुबळे झाले नव्हते, अशा रुग्णांना रात्री मास्क लावून श्वासाला मदत देणाऱ्या यंत्राने सुमारे सात महिने जास्त मिळाले. म्हणून सकाळी डोके दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे, दिवसा पेंगणे याकडे ‘अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्ष करू नका. गिळताना ठसका लागू लागला की पोटातून नळी बसवण्याविषयी वेळीच बोला. श्वास फार खालावल्यावर तीच शस्त्रक्रिया धोक्याची होते. आणि स्टेम सेलच्या जाहिरातीपायी जमीन विकू नका. त्याने हा आजार बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही.

हे सगळे पेशंटपासून लपवून कसे जमेल? नळी हवी का, घशाला छिद्र करून व्हेंटिलेटर लावायचा का, हे त्यानेच ठरवायचे आहे, आणि तेही वाचा व सही शाबूत असताना. असे वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आपण गप्प राहिलो तर ऐनवेळी अतिदक्षता विभागाच्या दारात घाबरलेल्या नातेवाइकांना हा निर्णय घ्यावा लागतो. सत्य एकदम ओतू नये, त्याला पेलेल तितके, त्याच्या कलाने सांगावे. पण सांगावे.

पुढच्या वेळी डॉक्टरांना आणखी तीन गोष्टी विचारा: श्वासाची ताकद किती आहे, वजन किती घटले, आणि पुढच्या तीन महिन्यांत कशाची तयारी करावी? आणि हे विचारताना पेशंटला शेजारी बसवा.