रंगभूमीची एक दिवसाची यात्रा

गणेशोत्सव आटोपला, की शाळा-महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. घरोघरी पाठांतराचा गलका उठतो. आजोबांचे उपरणे आणि आईचा शालू तालमीस जातो व परत येईल तेव्हा येतो. आमच्या वाचकांस हे सारे परिचित आहे. या अंकी मात्र आम्ही ज्या विद्यार्थ्यांविषयी लिहीत आहो, त्यांच्या घरी असा गलका होत नाही. ती मुले तोरणमाळच्या बाजूची आहेत.

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील, सातपुड्याच्या माथ्यावरचे थंड हवेचे ठिकाण. उंची सुमारे ११५० मीटर. शहाद्याकडून वळणावळणाचा घाट चढून वर गेले, की यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथाचे मंदिर दृष्टीस पडते. आसपासच्या पाड्यांतून भिल्ल व पावरा लोकांची वस्ती आहे. मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात. पुस्तकी मराठीशी त्यांची गाठ शाळेतच पडते.

त्या बाजूस शिक्षक असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले आहे. आपल्या नाट्यमंडळातील मुलामुलींस एक दिवस शहरी न्यावे, नाट्यगृह दाखवावे, दुपारी अभिनयाचे पाठ द्यावे आणि सायंकाळी नाटक दाखवून परतावे, असा त्याचा बेत आहे. तो लिहितो, “गुरुजी, ही मुले नाचतात, गातात, एकमेकांच्या नकला हुबेहूब करतात, पण हाती संवादाचा कागद दिला, की त्यांची वाचा बसते. पाहणारे म्हणतात, यांच्यात गुण नाही. मी काय करावे?” प्रश्न एका शाळेपुरता नसल्यामुळे उत्तर येथेच देतो.

धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर किंवा जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, कोठेही जावे; पण नाट्यगृह प्रथम रिकामे असताना दाखवावे. मुलांस रंगपटात न्यावे, पडदा कसा ओढतात ते पाहू द्यावे, दिव्यांची योजना समजावून सांगावी. मग अर्ध्या मुलांस रंगमंचावर उभे करावे व अर्ध्यांस अगदी शेवटच्या रांगेत बसवावे, आणि ध्वनिक्षेपकावाचून एकमेकांशी बोलावयास सांगावे. आपला शब्द कोठपर्यंत पोहोचतो, हे या एका प्रयोगाने जेवढे कळते, तेवढे तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे माप देताना हाच विचार केला आहे. मनुष्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद, म्हणजे अदमासे ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद, असे मंदिर त्यांनी योग्य ठरविले. याहून मोठे केल्यास नटाचा स्वर अस्पष्ट होतो व मुखावरील भाव दिसत नाही, असे कारणही दिले. मुलांनी सभागृह पावलांनी मोजून पाहावे आणि आपल्या गावच्या पटांगणाशी ताडून पाहावे.

दुपारच्या पाठांत आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार उदाहरणांनी सांगावे: अंगाचा, वाणीचा, वेषभूषेचा आणि अंतःकरणातून उमटणारा. येथे आमची एक आग्रहाची सूचना आहे. वाचिक अभिनयाचा पहिला पाठ मुलांच्या घरच्या भाषेत व्हावा. बाजारात कोंबडी विकणारी आजी, वाट चुकलेला प्रवासी, शेळी हरवलेला मुलगा, असे प्रसंग त्यांस द्यावे व भिलीत किंवा पावरीत बोलू द्यावे. जीभ मोकळी झाली, की तेच प्रसंग मराठीत करवून घ्यावे.

“रंगमंचावर अशुद्ध भाषा?” असे म्हणून काही वाचक भुवया उंचावतील. त्यांस आम्ही संस्कृत नाटकांचेच स्मरण देतो. शाकुंतलात राजा संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी बोलते, आणि सहाव्या अंकाच्या आरंभी ज्याच्या हाती राजाची अंगठी सापडते तो कोळी मागधी बोलतो. त्या कोळ्याच्या तोंडी कालिदासाने संस्कृत घातले असते, तर तो कोळी राहिला नसता. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, यासाठी नाट्यशास्त्रात स्वतंत्र नियम आहेत. आपल्या परंपरेतील रंगमंच आरंभापासून बहुभाषी आहे. एकाच भाषेच्या मापाने मुलाचा गुण मोजणे ही अलीकडची सवय होय, आणि ती पुष्कळ गुणी मुलांस मुके करते.

सायंकाळचे नाटक पाहताना मुलांनी सारे समजलेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीस आले. ते पाहून सांगलीच्या अधिपतींनी विष्णुदास भावे यांस मराठीत तसा खेळ रचावयास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. परक्या भाषेतील खेळ पाहून आपल्या भाषेत नवे काही करण्याची बुद्धी होणे, येथूनच मराठी रंगभूमीचा प्रवाह सुरू झाला. सातपुड्याची मुले शहरातील नाटक पाहून परततील, तेव्हा त्यांनी तेच नाटक करावे अशी अपेक्षा नको. त्यांनी आपले नाटक करावे.

आणि त्यांच्याजवळ आपले असे पुष्कळ आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असे तेथील लोक सांगतात. त्या रात्री अंगावर ठिपके रेखलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले लोक पहाटेपर्यंत नाचतात. हे सोंग घेणारा मनुष्य आधी काही दिवस व्रत पाळतो; जमिनीवर निजतो, वहाण वर्ज्य करतो. सोंगासाठी आपला देह आधी असा तयार करणे, ही नटाची थोर शिस्त होय. ज्या मुलाने आपल्या वडिलांस किंवा काकांस हे करताना पाहिले, तो अभिनयाच्या बाबतीत कोरा मुळीच नाही.

यास्तव अशी यात्रा दुहेरी व्हावी, असे आम्हांस वाटते. आमच्या घरांतील महाविद्यालयीन मुलांनीही होळीस सातपुड्यात जावे. मात्र नाट्यगृहात जसे आपण जागेवर बसतो, मध्ये बोलत नाही, रंगमंचावर चढत नाही, तीच मर्यादा तेथे पाळावी. नाचणाऱ्यांच्या मध्ये घुसून छायाचित्रे घेणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांस निरोप देताना एवढे बजावून सांगावे आणि ती परतल्यावर त्यांनी काय पाहिले ते सवडीने ऐकून घ्यावे.