बादली घरी ठेवा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग पंधरा दिवसांवर आलेला असेल. या सुमारास कार्यालयात एक ठरावीक पत्र येते. शेततळे पूर्ण झाले, पाणी टिकते, कडेने झाडेही लावली. आता देशी बेडूक कुठून मिळतील? विचारणारे नवखे नसतात. वीस-वीस तळी उभी केलेली, माती हातात घेऊन मुरूम किती ते सांगणारी माणसे असतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. कुठूनही आणू नका.

मी आणले होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मित्राच्या शेतात नवे तळे झाले आणि माझा उत्साह उतू गेला. रस्त्याकडेच्या डबक्यातून चहाच्या गाळणीने बेडूकमासे उपसले, रंगाच्या रिकाम्या बादलीत भरले आणि तळ्यात ओतले. कायद्याचा विचार मनात आलाही नाही. शे-दीडशे तरी असतील. तळ्यात डास होऊ नयेत म्हणून मित्राने आधीच गॅम्बुशिया सोडले होते. आठवड्याने काठावर उकिडवा बसून पाहिले, तर उरलेल्या बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडलेल्या होत्या. काहींना शेपटीच्या जागी नुसते खुंट. पुढच्या खेपेला तेही नव्हते. डासांवर उतारा म्हणून 1928 साली इटलीतून आणलेला हा मासा आपण अजून आरोग्याच्या नावाखाली विहिरी-तळ्यांत टाकतो, आणि वर बेडूक नाहीत म्हणून हळहळतो.

मासे नसते तरी फार काही साधले नसते. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत आपल्यापैकी अनेकांनी तळी खोदून घेतली. मोठे तळे म्हणजे तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. पाझरत असेल तर वर पाचशे मायक्रॉनचा कागद. साठवणीसाठी ते उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण एकदा जुलैच्या रात्री बॅटरी घेऊन अशा तळ्यावर उभे राहा. ओट्यावरच्या दिव्याखाली किडे टिपत बसतो तो खरबरीत पाठीचा भेक अंडी घालायला पाण्यात उतरलेला दिसेल. त्याची अंडी काळ्या मण्यांच्या लांब सरीसारखी असतात, ती पाणगवताला वेढून ठेवायची असतात. इथे गवताची काडी नाही. बाहेर पडताना तो शेवाळलेल्या कागदावर वीतभर चढतो आणि घसरतो. पुन्हा वीतभर, पुन्हा खाली. सकाळी तळ्याच्या कोपऱ्यात काय तरंगत असते ते तळेवाल्यांना ठाऊक आहे; आपण ते जाळीने काढून बांधापलीकडे फेकतो.

निदान एका कोपऱ्यात पाण्याच्या तळापासून काठापर्यंत काथ्याची जाळी किंवा दोरीने बांधलेली जुनी पोती सोडा. पडलेले पोर नाहीतर कुत्रेही त्यावरून वर येईल.

पण बेडकांना हवे असते ते तळे वेगळेच. साठवणतळ्याच्या सांडव्याखाली अर्ध्या-एक गुंठ्याचे डबके, खोली गुडघ्याइतकी, काठ इतका उतरता की म्हैस न अडखळता चालत जाईल. कागद नको. काळ्या मातीत तसेही पाणी धरते. मुरमाड जमिनीत तळाशी चिकणमाती चोपून बसवा. आणि हे डबके दिवाळीनंतर कधीतरी आटले पाहिजे. इथेच आपल्या लोकांचे पाऊल अडते. ज्याने आयुष्यभर पाणी टिकवायचे काम केले, त्याला आटणारे तळे म्हणजे हार वाटते. वास्तविक आटण्याने मासे टिकत नाहीत, आणि मैदानी मुलखातल्या आपल्या बहुतेक बेडकांची पिल्ले महिना-दोन महिन्यांत पाय फुटून बाहेर पडलेली असतात. पहिल्या दणक्याच्या पावसात पिवळेधमक होऊन, गळ्याचे निळे फुगे फुगवून ओरडणारे मोठे बेडूक तर अशाच तात्पुरत्या पाण्याच्या शोधात असतात. वर्षातला बाकीचा काळ त्यांना जमीनच लागते: दगडांचा ढीग, न पेटवलेला पालापाचोळा, तणनाशक न मारलेला बांध.

हेच पिवळे बेडूक अंदमानात उपरे आहेत. मुख्य भूमीवरून तिथे पोहोचले, आणि मत्स्यबीजाच्या पाण्यातून त्यांची पिल्ले एका तळ्यातून दुसऱ्यात पसरली. ती मांसाहारी असल्याने तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले फस्त करतात. म्हणजे ‘देशी’ हा शब्द प्राण्याला चिकटलेला नसतो, जागेला चिकटलेला असतो. परजिल्ह्यातून मत्स्यबीजाची पिशवी येते तेव्हा ती तळ्यात ओतण्याआधी आत काय वळवळते ते पाहा. शिवाय बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर आढळल्याचे 2013 मध्येच प्रसिद्ध झाले आहे; बादलीतल्या पाण्याबरोबर तीही प्रवास करते. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना गमबूट धुऊन वाळवायला फार वेळ लागत नाही.

इंग्लंडमध्ये नॉरफॉक परगण्यात 2005 साली स्वीडनमधून बेडूक आणून सोडले, हा दाखला मला पत्रांतून ऐकवला जातो. तिथे ती जात देशातून नाहीशी झाली होती. आपल्याकडचे देशी बेडूक शेजारच्या खाचरात ओरडत असतात. तेव्हा आधी ऐका. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तळ्यावर अर्धा तास गप्प उभे राहा. हाकेच्या अंतरावर आवाज असेल तर पाहुणे वाटेवर आहेत. खरोखरच काही ऐकू येत नसेल, दोन-तीन पावसाळे येत नसेल, तर प्रश्न वनखात्याचा आणि अभ्यासकांचा, तुमच्या-माझ्या बादलीचा नाही. बेडूक सोडतानाचा फोटो प्रायोजकांना आवडतो हे मला कळते. रिकाम्या डबक्याचा फोटो कुणी छापत नाही, आम्हीही आजवर छापलेला नाही.

माझ्या त्या मित्राने चार वर्षांपूर्वी सांडव्याखाली डबके केले. पहिल्या पावसाळ्यात पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारे छोटे बेडूक आले. दुसऱ्या वर्षी करंजाच्या वाकलेल्या फांदीवर झाडबेडकाचा पांढरा फेस लटकत होता, बरोबर पाण्याच्या वर. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला: डबके जानेवारीतच आटते, जेसीबी बांधावर आलेलाच आहे, सहा फूट खोल करून घेऊ का? रविवारी तिकडे निघालो आहे.