वाट वाकडी करून निकोडेमसला जा

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेली आपली माणसं नायगारा बघतात, न्यूयॉर्क बघतात, जमलं तर ग्रँड कॅनियन. माझं कळकळीचं सांगणं आहे, की ज्यांच्या घरात जोतिरावांची तसबीर आहे, त्यांनी एकदा तरी कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहम काउंटीत जावं. १८७३ साली जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती काळ्या गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकी लोकांना. सुटका झालेली ती माणसं पुढे कुठे गेली, काय खाऊन जगली, हे निकोडेमस नावाच्या गावात कळतं. मुलगा विचिटाला असतो, तिथून गाडीने चारेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना नुसता गहू आणि वारा.

१८७७ साली केंटकीतून काही शे माणसं इथे आली. जमिनीच्या जाहिराती वाचून आली होती. एलिसपर्यंत आगगाडी, पुढे पायी. माळावर घर बांधायला लाकूडच नव्हतं, म्हणून जमिनीत खड्डे खणून, वर छप्पर घालून ती राहिली. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांनी आपली आठवण सांगून ठेवली आहे. गाव कुठे दिसेना, तेव्हा नवऱ्याने त्यांना जमिनीतून निघणारा धूर दाखवला. तो धूर म्हणजेच गाव. त्यांना रडू कोसळलं. कित्येकांनी आल्या पावली केंटकीची वाट धरली. उरलेल्यांकडे बैल-घोडे नव्हते, त्यांनी कुदळ-फावड्याने जमीन फोडली. पहिल्या हिवाळ्यात त्यांना शिकारीतला वाटा दिला तो ओसेज लोकांनी, जे स्वतःच थोड्या वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकावले गेले होते. वसाहतीचा इतिहास सांगताना हा घास कुणी वगळू नये.

दहा वर्षांत गावात शाळा, चर्च, हॉटेल, बँक, दोन वर्तमानपत्रं झाली. इथलेच एडवर्ड मॅकेब १८८२ साली राज्याचे हिशेब तपासनीस म्हणून निवडून आले.

मग रेल्वे आली, म्हणजे आलीच नाही. १८८७ साली गावाने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले होते. १८८८ साली रूळ पडले ते सॉलोमन नदीपलीकडे, आणि दुकानदार तिकडच्या नव्या बोग गावात गेले. गाव ओसरलं ते इथून. अशा जागी पाहुण्यांना धैर्याच्या गोष्टी ऐकायला आवडतात, सांगणाऱ्यालाही त्या सोप्या जातात. माझ्या मते मात्र रूळ कुठून गेले, ही गोष्ट आधी सांगायला हवी. माणसं कष्टाला कमी पडली नव्हती. निर्णय दुसरीकडे झाला. आणि काउंटीचं मुख्य ठाणं असलेल्या हिल सिटीला नाव आहे ते निकोडेमसच्या जमिनीचा व्यवहार जमवणाऱ्या गोऱ्या डब्ल्यू. आर. हिल यांचं. वसाहत कंपनीचे अध्यक्ष असलेले काळे धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ किती जणांना ठाऊक असतात?

आज पाच जुन्या वास्तू उभ्या आहेत: दोन चर्च, शाळा, एकेकाळचं हॉटेल आणि टाउनशिप हॉल. भव्य त्यांत एकही नाही. हॉल १९३९ चा, मंदीच्या काळात आपल्या रोजगार हमीसारख्या सरकारी योजनेतून बांधलेला. त्याचे पिवळसर चुनखडीचे दगड मी बराच वेळ बघत राहिलो. सरळ, जाड, नक्षीबिक्षी काही नाही. ज्यांचे आजे-पणजे बिळासारख्या घरांत राहिले, त्यांच्या गावाने बैठकीसाठी असा पक्का दगड वापरला, याचं मला फार मोल वाटतं.

१९९६ साली हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, त्यामागे वंशजांचा पाठपुरावा होता. कायमचे रहिवासी आता पंचवीसही नाहीत. तरी जुलैच्या अखेरीस देशभरातून त्या घराण्यांची माणसं जमतात, गुलामीतून सुटल्याचा उत्सव करतात. अमेरिकेतली आपली महाराष्ट्र मंडळं सहलींच्या बसेस काढतातच. जवळपासच्या मंडळांनी त्यांतली एक त्या दिवसांत इकडे वळवावी, आणि बसमध्ये ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका कुणीतरी मोठ्याने वाचावी.