‘दे दान सुटे गिराण’ ते पॉडकास्ट : आकाशावर आमचाही हक्क

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. अकराच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडाला आणि ८२ मिनिटे तसाच राहिला. आम्ही दहा-बारा जण वस्तीतल्या विहाराच्या गच्चीवर बसलो होतो. ढग येत-जात होते. मुलांनी मोबाईलवर आधी मराठीत शोधले. समोर आले ते असे : कोणत्या राशीला ग्रहण शुभ, कोणत्या राशीला अशुभ, वेध कधी लागतात, गरोदर बाईने काय चिरू नये. मग कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने इंग्रजीतला खगोलशास्त्राचा एक पॉडकास्ट लावला. दोन-दोन मिनिटांनी थांबवून ती मराठीत सांगत गेली. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून गेलेला तांबडा प्रकाश चंद्रावर पडतो म्हणून तो काळा न पडता तांबूस दिसतो.

आमच्यात एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, आमचा आज्जा गिराण लागलं की टोपली घेऊन गावात फिरायचा, ‘दे दान सुटे गिराण’ ओरडायचा. शिळंपाकं, जुनेर, मूठभर दाणे मिळायचे. राहू-केतू जणू आमच्याच जातीचे, आम्हाला दान दिले की ते चंद्राला सोडतात, अशी ती समजूत. म्हणजे गावाने आम्हाला शिवेबाहेर ठेवले ते ठेवलेच, वर आकाशातला अपशकुनही आमच्याच नावावर मांडला. आजींनी शेवटी एकच विचारले, “एवढं साधं होतं, तर आम्हाला आजवर कुणी सांगितलं का नाही?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

ज्ञान कानाने घ्यायचे, ही या देशातली जुनी रीत. वेदांना ‘श्रुती’ म्हणतात ते त्यामुळेच. आणि शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, असा दंड गौतम धर्मसूत्रात सांगितला आहे. पहारा आधी कानावर बसला, पाटी-पुस्तक फार नंतर आले. म्हणून आज एखादा सफाई कामगार, एखादी शिवणकाम करणारी ताई, रात्रपाळीचा वॉचमन कानात इअरफोन घालून ताऱ्यांच्या जन्माची गोष्ट ऐकतो, तेव्हा ती आम्हाला करमणुकीची बाब वाटत नाही. ज्या कानांवर बंदी होती, ते कान उघडत आहेत.

पॉडकास्टचे वैशिष्ट्य असे की त्याला शाळेचा दाखला लागत नाही, प्रवेश परीक्षा लागत नाही, फी लागत नाही. एकदा उतरवून घेतला की नेट संपले तरी ऐकता येतो. हात कामात असले तरी चालते. अमेरिकेत प्लॅनेटरी सोसायटीचा ‘प्लॅनेटरी रेडिओ’ २००२ पासून सुरू आहे. पामेला गे या खगोलशास्त्रज्ञ आणि फ्रेझर केन हे पत्रकार २००६ पासून ‘अॅस्ट्रॉनॉमी कास्ट’ चालवतात. नील डिग्रास टायसन यांचा ‘स्टारटॉक’ २००९ मध्ये रेडिओवर सुरू झाला. टायसन कृष्णवर्णीय आहेत. ज्या समाजाच्या लढ्याचे नाव घेऊन १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या समाजातला माणूस जगाला आकाश समजावून सांगतो, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे.

यातले चांगले पॉडकास्ट नुसती माहिती देत नाहीत. अमुक तारा इतक्या प्रकाशवर्षांवर आहे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. हे आपल्याला कळले कसे, कोणी मोजले, कुठे चुकले, नंतर कोणी दुरुस्त केले, हेही सांगतात. आमच्या दृष्टीने खरी शिकवण तीच आहे. ‘कोणी सांगितले’ यापेक्षा ‘कशावरून’ हा प्रश्न मोठा, हे आम्ही तथागतांच्या कालामांना केलेल्या उपदेशातून शिकलो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका. आकाशाकडे बघतानाही हीच कसोटी.

याच आकाशाच्या अभ्यासात आपला एक माणूस आहे. मेघनाद साहा. १८९३ मध्ये ढाका जिल्ह्यातल्या एका खेड्यात, छोट्या किराणा दुकानदाराच्या घरी, खालच्या मानलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला. कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांच्या पंक्तीला बसायला काही सवर्ण विद्यार्थी तयार नव्हते. त्याच साहांनी १९२० मध्ये ते समीकरण मांडले, ज्याने ताऱ्यांचा प्रकाश वाचता येऊ लागला. ताऱ्याचे तापमान आणि दाब यांवरून त्यातल्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील हे त्यातून काढता येते. पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, सेसिलिया पेन या तरुण संशोधक बाईने हेच समीकरण वापरून दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. एका जातीने डावललेला आणि एक बाई म्हणून डावललेली, या दोघांनी मिळून सूर्य कशाचा बनला आहे ते जगाला सांगितले.

साहांनी स्वतः एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ढाक्याच्या एका वकिलांना ते मोठ्या उत्साहाने आपले संशोधन समजावून सांगत होते. वकीलसाहेब दर थोड्या वेळाने म्हणत, यात नवीन काय, हे सगळे वेदात आहे. साहांनी विचारले, वेदात नेमके कुठे? तेव्हा कळले की वकिलांनी वेद वाचलेलेच नव्हते. पुढे साहांनी ते ग्रंथ वाचून काढले आणि आधुनिक विज्ञानाचे सिद्धांत त्यात नाहीत असे स्पष्ट लिहिले. आज ते वकील मोबाईलमध्ये बसले आहेत. पुष्पक विमान, ग्रहांची स्पंदने, क्वांटम आणि आत्मा असे सगळे एका ताटात वाढणारे कार्यक्रम बघा, ऐकणारे लाखांनी आहेत.

पुढे साहा सरकारच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. समितीने दाखवून दिले की पंचांगकर्त्यांनी पृथ्वीच्या अक्षाची संथ गिरकी हिशेबात धरलीच नाही. म्हणून उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका याच समितीच्या शिफारशीतून आली. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ अशी तारीख अजून ऐकू येते. ती कोणामुळे, हे किती जणांना सांगितले गेले?

आता काही मित्र विचारतील, आणि विचारतातही : “पोराला शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वस्तीत अत्याचार होतात, आरक्षित जागा भरल्या जात नाहीत, आणि तुम्ही आकाशगंगेच्या गप्पा सांगता?”

या प्रश्नाला आम्ही हलके मानत नाही. पण उत्तर असे की आकाश हा भटशाहीचा सर्वांत उंचावरचा किल्ला आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले, तेव्हा नाटकाची सुरुवात कुठून केली? गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुटणाऱ्या जोशापासून. १७० वर्षे झाली. त्या बाईच्या पणतीची पणती आज मोबाईलवर तीच भीती ऐकते, आणि आता ती फुकट घरपोच येते.

शिवाय जात आकाशातही मांडलेली आहे. लग्न जुळवताना जे ३६ गुण बघतात, त्यातला पहिला गुण कोणता? ‘वर्ण’. राशींची चार वर्णांत वाटणी केलेली आहे. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. ज्या ताऱ्यांना आपण इथे आहोत याचा पत्ता नाही, त्यांनाही यांनी चातुर्वर्ण्यात बसवले. आणि आपल्यातलेही किती जण, दीक्षा घेतलेल्या घरातले, गुपचूप पत्रिका जुळवतात? ही कबुली आपण आपल्यापाशी तरी दिली पाहिजे. २२ प्रतिज्ञा भिंतीवर आणि राशिभविष्य मोबाईलवर, असे चालणार नाही.

हे केवळ अडाणीपणाचे प्रकरणही नाही. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणले. त्याला आव्हान दिले गेले, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करायला नकार दिला. दुसरीकडे जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला सोबत घेऊन ज्योतिषांची सरळ परीक्षा घेतली. प्रत्येकाला ४० मुलांच्या कुंडल्या दिल्या. हुशार मुलाची कुंडली कोणती आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची कोणती, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. ही गोष्ट दर वस्तीत दहा मिनिटांत सांगता येते. ती सांगायला दुर्बीण लागत नाही.

आणि खर्चाचे म्हणाल, तर आकाशाचा अभ्यास आपल्याच पैशातून चालतो. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. काडेपेटीपासून मिठाच्या तेलापर्यंत आपण जो कर भरतो, त्यातून अशी कामे उभी राहतात. जे आपल्या पैशाने शोधले, ते आपल्या भाषेत ऐकायला मिळणे हा उपकार नसून आपला वाटा आहे. राज्यघटनेच्या कलम ५१क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य सांगायचे आणि साधन द्यायचे नाही, हा कोणता न्याय?

मराठीत प्रामाणिक प्रयत्न करणारे लोक आहेत, त्यांचा आदर आहे. पण संख्या थोडी आणि भाषा अनेकदा पुस्तकी. ‘दीर्घिका’, ‘अभिवृद्धी चकती’ असे शब्द दोन मिनिटांत पाच वेळा आले की आमची आजी उठून जाते. त्याच आजीला सप्तर्षी माहीत असतात, फक्त ती त्यांना बाज म्हणते आणि शेपटीच्या ताऱ्यांना तीन चोर. दळायला उठायची वेळ ती शुक्राच्या चांदणीवरून ठरवत होती. कष्टकऱ्यांचे हे आकाश पंचांगाआधीपासून आहे. तिथून सुरुवात केली तर कृष्णविवरापर्यंत जाता येते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे.

ऐका, पण पारखून ऐका. बोलणारा ‘हे अजून माहीत नाही’ असे कधी म्हणतो का? चूक झाली तर पुढच्या भागात सांगतो का? ‘कशावरून’ याचे उत्तर देतो का? शेवटी रत्न, अंगठी, यंत्र विकतो का? या चार प्रश्नांत निम्मे ढोंगी गळून पडतील. मोठे नाव, गोरी कातडी, इंग्रजी उच्चार यांनाही सूट नको.

एकट्याने न ऐकता मिळून ऐका. विहारात, अभ्यासिकेत, महिला मंडळात आठवड्यातून एक तास. इंग्रजी समजणाऱ्या पोरीने थांबवत थांबवत सांगावे, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.

आणि स्वतः बोला. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात ‘३६५ डेज ऑफ अॅस्ट्रॉनॉमी’ नावाचा पॉडकास्ट सुरू झाला. रोज एक भाग, आणि ते भाग जगभरच्या साध्या माणसांनी, शिक्षकांनी, हौशी निरीक्षकांनी स्वतः ध्वनिमुद्रित करून पाठवले. आपल्याला कोण अडवते? मोबाईल आहे, आवाज आहे, विषय आहेत. पहिला भाग ग्रहणावर, दुसरा साहांवर, तिसरा कुंडलीतल्या वर्णावर. बोलण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या, कारण आपली एक चूक शंभर वेळा उगाळली जाईल.

शेवटी रोहित वेमुलाची आठवण काढल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात त्याने लिहिले होते की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. सेगन हे प्लॅनेटरी सोसायटीचे एक संस्थापक, ‘प्लॅनेटरी रेडिओ’ याच संस्थेचा. रोहितसारख्या मुलाने असे स्वप्न बघावे, आणि ते स्वप्न या देशात त्याच्या शेवटच्या पत्रातच वाचायला मिळावे, ही आपल्या सगळ्यांची लाज आहे. आपण दरवर्षी त्याच्या फोटोला अभिवादन करतो. यंदा त्याच्या नावाने एका वस्तीत, एका मुलीच्या हाती माईक देऊ या.

पुढच्या ग्रहणाला आमच्या गच्चीवर मराठीत शोधणाऱ्या मुलांना आधी आपला आवाज सापडला पाहिजे. आजींच्या प्रश्नाचे तेवढे तरी उत्तर आपण देणे लागतो.

जय भीम!